नेरी नाक्यावर अर्धा तास

फोनवर कुणी पत्ता सांगत नाही.
सांगतात ते, जे आता राहिलं नाही:
टॉकीज होती ना जुनी, तिच्या अंगाला.
निंब तोडला तिथं.
दाळमिलचं धुराडं दिसायचं बघा, तिथून डावीकडं.
मोबाइलवर निळा ठिपका थरथरत असतो,
मी त्याच्या फार नादी लागत नाही.
जळगावचा आहे मी,
नसलेल्या खुणांवरून रस्ता काढणं
लहानपणापासून येतं.

गाडी म्हणजे पांढरा टेम्पो,
मागं कपाटाएवढी बॅटरी,
दोन जाड केबली, पावतीचं यंत्र
आणि गिऱ्हाइकासाठी घडीचं स्टूल.
रात्रभर एमआयडीसीत पाइप कारखान्याच्या भिंतीशी
ती दावणीला बांधल्यासारखी उभी राहून पीत असते.
वीज दीपनगरची, असं आपलं मी धरून चालतो.
मावशी तिकडंच राहते,
दोरीवरच्या साड्या झटकून मग घडी करते.
विचारते, तुझ्या त्या रिक्षांना धूर नसतो म्हणे?
म्हटलं, असतो की. तुझ्या दोरीवर.

पंपावर दोन मिनिटांत काम व्हायचं,
कुणाचं नाव कळायचं कारण नव्हतं.
आता अर्धा तास स्टुलावर बसावं लागतं.
म्हणून मला माहीत आहे
की पिंप्राळ्याच्या प्रतिभा भारंबे
स्कूटरच्या डिकीत नवऱ्याचे बूट ठेवतात,
आणि गोलाणीतला घड्याळवाला
बेचाळीस टक्के असतानाही फोन करतो.
मी त्याला काही विचारत नाही. केबल लावतो.

आखाजी होऊन चार दिवस झालेले.
दुपारी अडीच, सत्तेचाळीस अंश,
नेरी नाक्याजवळ मुराद तडवीची रिक्षा बंद पडलेली.
मागं एक म्हातारी, मांडीवर एक्स-रेची पिशवी,
सिव्हिलला निघालेली.
मी केबल लावली आणि माझंच यंत्र किंचाळलं.
तापमान जास्त. सेवा बंद.
आत वीज भरपूर, अडुसष्ट टक्के,
पण देणार नाही म्हणतंय,
सावकाराच्या पोरासारखं.
कंपनीला फोन लावला.
पुण्यातल्या थंड खोलीतून एक मुलगी म्हणाली,
सर, गाडी सावलीत घ्या.
मी रस्त्याकडं बघितलं.
सावली होती ती विजेच्या खांबाची,
हातभर रुंद, आणि तिच्यात एक कुत्रं.

मुरादनं मग काही न बोलता
रसवंतीवरून दोन गोणपाटं आणली,
भिजवून बॅटरीच्या पेटीवर टाकली,
तापल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवतात तशी.
वाळली की पुन्हा. वाळली की पुन्हा.
रसवंतीवाल्यानं बर्फाचा चुरा दिला, पैसे नाही घेतले.
म्हातारी खाली उतरून हे सगळं बघत होती.
म्हणाली, याले बी ऊन लागनं का रे भो?
आणि कनवटीचा कांदा काढून
माझ्या यंत्रावर ठेवला.
मी म्हटलं, आजी, तुम्हाला राहू द्या.
तर म्हणे, माले काय, मी ते सावलीमा बठेल शे.
सावली रिक्षाच्या टपाची होती.
तेवढीच.

वीस मिनिटांनी हिरवा दिवा लागला.
कशानं, ते मला विचारू नका.
बर्फानं असेल.

तिचं नाव राहिलं विचारायचं.
मुरादलाही माहीत नाही,
सिव्हिलच्या गेटावर सोडलं एवढंच सांगतो.

पुढच्या महिन्यात तपासणीचा साहेब आला,
यादीशी एकेक वस्तू ताडून बघत.
केबल दोन. स्टूल एक. अग्निशामक एक.
हे काय?
डॅशबोर्डवरच्या कांद्याला बोटभर कोंब फुटलेला,
माती नाही, पाणी नाही,
काचेतून येणारा उजेड फक्त.
मी म्हटलं, सुटा भाग.
त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.
खाली वाकून लिहिलं: नग एक.